प्रतिस्पर्ध्याची रेषा

ज्याला आपण हरवू इच्छितो, त्याचे आपण काही देणे लागतो काय? प्रश्न वरवर पाहता विचित्र वाटेल. मित्राचे, शेजाऱ्याचे, आप्तांचे, एवढेच काय पण अनोळखी वाटसरूचेही आपण काही देणे लागतो, हे आपल्या मनावर लहानपणापासून बिंबवलेले असते. प्रतिस्पर्ध्याच्या बाबतीत मात्र आपली नीती फार तोकडी पडते. त्याला फसवू नये, एवढे म्हटले की आपले कर्तव्य संपले, अशी आपली समजूत असते. आपली भाषाही या समजुतीला दुजोरा देते. 'चढाओढ' हा शब्द ऐकताना एकाचे वर चढणे आणि दुसऱ्याने त्याला खाली ओढणे हेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते; 'अहमहमिका' या शब्दात तर 'मी, मी' याखेरीज दुसरे काही ऐकूच येत नाही. परीक्षा, नोकरी, बढती, व्यापार, निवडणूक अशा सर्वच क्षेत्रांत स्पर्धेचे पाणी आपल्या उंबरठ्याला लागलेले असताना या प्रश्नाचा थोडा निवांतपणे विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

त्यासाठी आम्ही मुद्दामच एक दूरचे आणि आपल्याकडे फारसे परिचित नसलेले उदाहरण निवडले आहे. दूरच्या उदाहरणात आपले हितसंबंध गुंतलेले नसतात. त्यामुळे नजर स्वच्छ राहते आणि निवाडा करताना हात कापत नाही.

हे उदाहरण आहे रेडिओच्या साहाय्याने जमिनीवरून चालविल्या जाणाऱ्या ग्लायडरांच्या शर्यतीचे. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. इंजिन नाही, मग ते हवेत राहते कसे? डोंगराच्या उतारावर वारा समोरून येऊन आदळला की त्याला पुढे जायला वाट राहत नाही. तो उताराच्या अंगाने वर चढतो. या चढणाऱ्या हवेत ग्लायडर खरे तर सतत खाली घसरत असते. परंतु त्याच्या घसरण्याच्या वेगापेक्षा हवेचा वर जाण्याचा वेग अधिक असेल, तर ते खाली न येता उंच उचलले जाते. आपल्या सह्याद्रीत या गोष्टीचा प्रत्यय कोणालाही घेता येईल. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खाली टाकलेली हलकी वस्तू वाऱ्याच्या झोताबरोबर पुन्हा वर येते. पावसाळ्यात नाणेघाटात आणि आंबोलीजवळच्या कावळेसाद येथे दरीत कोसळू पाहणारे पाणी वारा उलटे वर भिरकावतो. कड्याच्या काठाशी घार पंखही न हलवता दीर्घकाळ तरंगत राहते, तीही याच बळावर.

घारीची ही विद्या माणसाला उशिराच साधली. ऑर्व्हिल राइट यांनी २४ ऑक्टोबर १९११ रोजी अमेरिकेतील किल डेव्हिल हिल्स येथे, वाळूच्या टेकडीवर समोरून येणाऱ्या जोरदार वाऱ्यात, आपले ग्लायडर ९ मिनिटे ४५ सेकंद हवेत ठेवले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील वासरकुप्पे या डोंगरावर १९२० पासून ग्लायडरांच्या स्पर्धा भरू लागल्या आणि दोनच वर्षांनी, १९२२ मध्ये, तेथे आर्थर मार्टेन्स या तरुणाने तासाभराहून अधिक काळ इंजिनाशिवाय उड्डाण केले. पुढे रेडिओ-नियंत्रण आले आणि माणूस जमिनीवर उभा राहून आपले छोटे विमान त्याच वाऱ्यावर खेळवू लागला. या खेळाच्या शर्यतीला जागतिक हवाई क्रीडा संघटनेच्या नियमावलीत 'एफ३एफ' असे रूक्ष नाव आहे. तिची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१२ साली जर्मनीच्या र्‍यूगेन बेटावर, बाल्टिक समुद्राकाठच्या कड्यांवर झाली.

शर्यतीचे स्वरूप अगदी साधे आहे. डोंगराच्या कडेला समांतर अशा १०० मीटर अंतरावर दोन काल्पनिक उभ्या रेषा ठरवतात. त्यांना आपण 'अ' आणि 'ब' म्हणू. स्पर्धकाच्या ग्लायडरने या दोन रेषांमधील अंतर दहा वेळा कापायचे, म्हणजे एकूण एक किलोमीटर. विमान हातातून सुटल्यापासून ३० सेकंदांच्या आत त्याने 'अ' रेषेवरून शर्यतीत प्रवेश करायचा. तेवढ्या अवधीत जमेल तितकी उंची गाठायची आणि मग त्या उंचीचे वेगात रूपांतर करायचे. एका वेळी एकच स्पर्धक उडतो. सर्वांत कमी वेळ घेणाऱ्याला १००० गुण मिळतात आणि इतरांना त्याच्या वेळेच्या प्रमाणात कमी. ग्लायडरचे वजन ५ किलोपेक्षा अधिक असता कामा नये. वारा सेकंदाला ३ मीटरपेक्षा मंद किंवा २५ मीटरपेक्षा, म्हणजे ताशी ९० किलोमीटरपेक्षा, जोरदार झाला आणि तसाच टिकून राहिला, तर स्पर्धा थांबवावी लागते. या दोन मर्यादांच्या मध्ये जे काही आकाशातून येईल, ते सोसून उडायचे.

आणि हिवाळ्यात जे येते ते सोसणे सोपे नसते. दक्षिण वेल्समधील डोंगरांचेच उदाहरण घ्या. पूर्वी कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या ऱ्होंडा खोऱ्याच्या माथ्यावर, ज्याला तेथील लोक 'बुल्ख' म्हणतात त्या परिसरात, या खेळाचे जाणकार आवर्जून येतात. हिवाळ्यात अटलांटिक महासागरावरून एकामागून एक वादळी वारे येतात. ग्लायडर उडविणाऱ्याला असा वारा हवाच असतो. शिवाय थंड हवा दाट असते: शून्य अंश सेल्सिअसची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे एक दशांशाने अधिक घन असते आणि तिचा आधार पंखांना तितकाच अधिक मिळतो. मग स्पर्धक विमानाच्या पोटात आणि पंखांत धातूच्या कांड्या भरून त्याचे वजन वाढवतात, कारण जोरदार वाऱ्यात जड विमान अधिक वेगाने कापत जाते. तीन मीटरच्या आसपास पंखविस्तार असलेले हे यान चांगल्या वाऱ्यात तो एक किलोमीटर चाळीस सेकंदांत, कधी त्याहूनही लवकर, पार करते.

हे झाले विमानाचे, माणसाचे काय? शून्य अंश तापमानात ताशी ५० किलोमीटरचा वारा वाहत असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे ८ अंशांसारखी बोचते. डिसेंबरात तेथे दिवस आठ तासांहूनही लहान असतो. गारांचा मारा होतो, ढग डोंगरावर उतरतात, विद्युत्घटांची शक्ती थंडीने घटते. ट्रान्समीटरच्या बारीक दांड्या हाताळायच्या त्या अंगठ्यांनी आणि बोटांनी, आणि नेमकी तीच आधी बधिर होतात. म्हणून ट्रान्समीटरसह दोन्ही हात आत घालता येतील अशी पिशवी स्पर्धक वापरतात. उड्डाण मिनिटाचे, ताटकळणे मात्र दिवसभराचे. इतके करून पदरात काय पडते? बहुधा काहीच नाही. अशा लहानसहान स्पर्धांत मोठी बक्षिसे नसतात की प्रेक्षकांची गर्दी नसते.

येथवर या खेळाविषयी सांगितले ते एका माणसापर्यंत पोहोचण्यासाठी. तो माणूस विमान उडवीत नाही. तो स्पर्धकापासून दूर, 'ब' रेषेवर, हातात एक बटण घेऊन उभा असतो.

शर्यतीत विमान उडविणाऱ्याला दोन्ही रेषा स्वतः ओळखता येत नाहीत. काल्पनिक रेषा विमानाने ओलांडली की नाही, हे तिच्याच सरळ ओळीत उभ्या असलेल्या माणसाला दिसते. बाजूला उभ्या असलेल्याला नाही. म्हणून प्रत्येक रेषेवर एकेक माणूस असतो. विमानाचे नाक रेषेपलीकडे गेले की तो बटण दाबतो, भोंगा वाजतो आणि भोंगा ऐकून स्पर्धक विमान वळवतो. मोठ्या स्पर्धांत या कामासाठी आयोजकांचे पंच असतात. लहान, प्रादेशिक स्पर्धांत मात्र एवढे मनुष्यबळ नसते. तेव्हा स्पर्धकच पाळीपाळीने रेषेवर उभे राहतात. म्हणजे ज्याला हरवायचे आहे, त्याचीच रेषा राखण्याचे काम प्रतिस्पर्ध्याकडे येते.

आता थोडा हिशेब मांडू. 'अ'पासून सुरुवात करून दहा फेऱ्या पूर्ण करताना विमान 'ब' रेषा पाच वेळा गाठते. सेकंदाला सरासरी २५ मीटर वेगाने उडणाऱ्या विमानाच्या बाबतीत बटण दाबायला प्रत्येक वेळी सेकंदाचा केवळ एक दशांश उशीर झाला, असे समजा. तेवढ्यात विमान अडीच मीटर पुढे जाते आणि तेवढेच अंतर त्याला परत यावे लागते. एका वळणामागे सेकंदाचे दोन दशांश गेले. पाच वळणांत एक पूर्ण सेकंद. चाळीस सेकंदांच्या जागी एक्केचाळीस झाले, तर हजारातले सुमारे २४ गुण कमी होतात. पापणी लवण्याच्या आत एखाद्याचा पहिला क्रमांक दुसऱ्याकडे जाऊ शकतो आणि ही गोष्ट जगात कोणालाही कळणार नाही. ज्याचे नुकसान झाले त्यालाही नाही. तो म्हणेल, आज वारा पडला. तो म्हणेल, माझेच वळण रुंद झाले.

येथे आपल्या मूळ प्रश्नाला धार येते. हेतुपुरस्सर खोटेपणा करणारा माणूस आपण तूर्त बाजूला ठेवू. असा माणूस क्वचित असतो आणि त्याच्याविषयी विचार करण्यासारखे फारसे काही नाही. तो चुकतो हे त्यालाही ठाऊक असते. विचार करावयाचा तो प्रामाणिक माणसाचा. तो पाऊण तास उभा आहे. वीस स्पर्धकांसाठी त्याने शंभर वेळा बटण दाबायचे आहे. गारा डोळ्यांत जात आहेत, पावले बधिर झाली आहेत आणि मोटारीत गरम चहाचा थर्मास आहे. त्याला खोटे बोलण्याचा मोह मुळीच होत नाही. मोह होतो तो फक्त स्वतःकडे पाहण्याचा. क्षणभर मान कॉलरमध्ये खुपसावी, क्षणभर हातांवर फुंकर घालावी, विमान आता येईलच म्हणून अंदाजाने बटण दाबावे. थंडी माणसाला दुष्ट करीत नाही. ती फक्त त्याचे मन त्याच्या स्वतःच्या शरीराभोवती गोळा करते. आणि दुसऱ्यावर अन्याय व्हायला तेवढे पुरेसे होते.

आपल्या हातून एकमेकांचे जे नुकसान होते, त्याचा मोठा भाग असाच होत नाही काय? आपण क्वचितच कोणाचे वाईट चिंतितो. परंतु आपले लक्ष दुसरीकडे असते. सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत स्त्रीने (१९०९-१९४३) अवधानाला, म्हणजे स्वतःला बाजूला सारून समोरच्याकडे पूर्णपणे पाहण्याला, नैतिक जीवनात मध्यवर्ती स्थान दिले. 'ब' रेषेवरचा माणूस पाहिला की या विचाराचा अर्थ कळू लागतो. तेथे चांगुलपणाचे दुसरे काही मापच नाही. पाहणे हेच तेथील कर्तव्य.

मग हा माणूस नीट पाहतो तो का? आमच्या मते याची तीन उत्तरे सहज सुचतात आणि तिन्ही अपुरी आहेत.

पहिले उत्तर भीतीचे: पकडले जाऊ म्हणून. पण आपण वर पाहिलेच की दशांश सेकंदाचा गुन्हा पकडता येत नाही. दुसरे उत्तर परतफेडीचे: आज मी त्याची रेषा राखतो, कारण उद्या तो माझी राखणार आहे. हे उत्तर व्यवहारी आणि बऱ्याच अंशी खरे आहे. पुष्कळशी सामाजिक नीती याच देवाणघेवाणीवर चालते. तथापि शेवटच्या फेरीची कल्पना करा. रेषेवरच्या माणसाचे उड्डाण आटोपले आहे. तो पहिल्या क्रमांकावर आहे आणि दुसऱ्या क्रमांकाचा स्पर्धक वीस गुणांनी मागे असून त्याचे विमान आता हवेत आहे. त्याच्याकडून परत मिळण्यासारखे आज काही उरलेले नाही. परतफेडीचा हिशेब येथे बंद होतो. पाहण्याचे कर्तव्य मात्र बंद होत नाही, हे आपणां सर्वांनाच मनोमन पटते. तिसरे उत्तर स्वाभिमानाचे: मी प्रामाणिक माणूस आहे, माझ्या हातून असे होणार नाही. हे उत्तर उदात्त वाटते, परंतु त्याचाही केंद्रबिंदू 'मी'च आहे. आणि त्या डोंगरावर सर्वांत मोठ्याने ओरडत असतो तो हाच 'मी'. ज्याचे लक्ष आपल्या प्रामाणिकपणावर खिळले आहे, त्याचे लक्ष विमानावरून तेवढ्यापुरते निसटलेलेच असते.

चौथे उत्तर शोधायचे तर खेळ म्हणजे काय, याकडे वळावे लागेल. बर्नार्ड सूट्स या तत्त्वचिंतकाने १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द ग्रासहॉपर' या ग्रंथात असा विचार मांडला की, गरज नसलेले अडथळे स्वखुशीने पत्करून ते पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. एक किलोमीटर अंतर कापण्यासाठी इंजिन वापरता येते. ते वापरायचे नाही असे सर्वांनी मिळून ठरवले, म्हणून हा खेळ झाला. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. डोंगर आणि वारा यांना रेषा ठाऊक नाहीत. त्या रेषा केवळ माणसांच्या शब्दात वसतात. जोवर कोणीतरी त्या राखतो, तोवरच त्या आहेत. रेषा ढळली की स्पर्धकाच्या पराक्रमाला मापच उरत नाही. उरते ते आकाशात इकडून तिकडे भिरभिरणारे एक यान. म्हणजे 'ब' रेषेवरचा माणूस प्रतिस्पर्ध्यावर उपकार करीत नसतो. प्रतिस्पर्ध्याने जे केले, ते खरोखर घडले, याची तो साक्ष देत असतो. ती साक्ष नसेल तर जिंकणाऱ्याचा विजयही पोकळ आणि हरणाऱ्याचा पराभवही पोकळ. म्हणूनच तिसाव्या क्रमांकावरचा, जिंकण्याची कसलीही आशा नसलेला स्पर्धकदेखील पहिल्या दोघांच्या उड्डाणाच्या वेळी तितक्याच दक्षतेने उभा राहतो. त्याला स्वतःसाठी काही मिळवायचे नाही आणि काही गमवायचेही नाही. दुसऱ्याच्या परिश्रमाला त्याचे खरे माप मिळावे, एवढेच त्याला हवे असते. प्रतिस्पर्ध्याचे देणे ते हेच, असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणेल, माप खरे असले तरी न्याय कोठे झाला? प्रत्येक जण वेगवेगळ्या वेळी उडतो. एकाच्या वाट्याला भरलेला वारा येतो, तर दुसऱ्याच्या वेळी नेमका वारा मंदावतो. एकाच्या उड्डाणाच्या क्षणी खालच्या दरीतून उबदार हवेचा लोट वर येतो, तर दुसऱ्याच्या वेळी पाऊस. ही तक्रार खरी आहे. नियमांनी तिची थोडी दखल घेतलेली आहे: उड्डाणादरम्यान वारा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर पुन्हा उडण्याची संधी मिळते, आणि तीनपेक्षा अधिक फेऱ्या झाल्या तर प्रत्येकाची सर्वांत वाईट फेरी हिशेबातून वगळली जाते. तरीही वाऱ्याची असमानता पुरती मिटत नाही आणि मिटणारही नाही. आयुष्यातही असेच आहे. कोणी सुस्थितीत जन्मतो, कोणी हलाखीत. कोणाला चांगले शिक्षक भेटतात, कोणाला आजारपण. वारा समान वाटून देणे माणसाच्या हाती नाही. रेषा मात्र सर्वांसाठी एकाच जागी ठेवणे त्याच्या हाती आहे. निसर्गाने जी विषमता दिली, तिच्यात आपल्या दुर्लक्षाची भर न घालणे, ही माणसाच्या न्यायाची निदान पहिली पायरी होय. जगात अन्याय आहेच, मग माझ्या दशांश सेकंदाने काय बिघडते, हा युक्तिवाद आपण पुष्कळदा ऐकतो. आमच्या मते तो उलटा आहे. वारा लहरी आहे, म्हणूनच रेषा अढळ हवी.

दुसरी शंका यंत्रयुगाची आहे. माणसाच्या बोटावर एवढी भिस्त ठेवण्यापेक्षा कॅमेरा आणि संगणक यांच्याकडे हे काम सोपवावे, म्हणजे प्रश्नच मिटेल. या सूचनेला विरोध करण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. प्रतिस्पर्ध्याला खरे माप मिळावे अशी ज्याची मनापासून इच्छा आहे, त्याने अधिक अचूक साधनाचे स्वागतच केले पाहिजे. माणसाला सद्गुण दाखविण्याची संधी मिळावी म्हणून दुसऱ्याच्या मापात चूक राहू देणे हा सद्गुणाचा विपर्यास होईल. पण यंत्र आले म्हणून देणे फिटले, असेही नाही. ताशी ७० किलोमीटर वाऱ्यात ते जड विमान कड्यावरून हवेत फेकून देण्यासाठी दुसरा माणूस लागतो, आणि तो बहुधा प्रतिस्पर्धीच असतो. फेक चुकली तर कित्येक महिन्यांचे श्रम खडकावर फुटतात. उतरताना डोंगरामागच्या घुसळणाऱ्या हवेत एखादे विमान झुडपांत कोसळले तर ते शोधायला जाणारे पायही प्रतिस्पर्ध्यांचेच असतात. एका जागेवरचे अवधान यंत्राने हलके केले, तर ते दुसरीकडे लागणार आहे एवढेच.

तिसरी शंका आम्हांस सर्वांत गंभीर वाटते. ज्यांच्या घरी शेकोटी आहे, त्यांनी सुटीच्या दिवशी हौसेने सोसलेल्या थंडीचे एवढे कौतुक कशासाठी? जगात असंख्य माणसे उघड्यावर कुडकुडतात, ती हौसेने नव्हे. रात्रपाळीचा पहारेकरी, हिमप्रदेशातला सैनिक, पदपथावर झोपणारे कुटुंब यांच्या थंडीपुढे ही थंडी म्हणजे चैनच. हे मान्य करायला हवे आणि आम्ही ते करतो. थंडी सोसण्यात स्वतःहून काहीही पुण्य नाही. उलट, सोसण्याचाच अभिमान बाळगणारा माणूस रेषेवर धोकादायक ठरतो. डोळ्यांना धूसर दिसू लागले आहे, बोटाला बटण लागत नाही, तरी मी हटणार नाही, असे म्हणणारा शूर दिसतो खरा. पण त्याच्या शौर्याची किंमत हवेत असलेला दुसरा कोणी मोजत असतो. आता माझ्याने नीट पाहवत नाही, दुसऱ्याला पाठवा, असे वेळीच सांगणे हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे. त्याचप्रमाणे वारा मर्यादेत असला, तरी माणसे मर्यादेपलीकडे गेली आहेत हे ओळखून स्पर्धा थांबविणे, हा संचालकाच्या कर्तव्याचा भाग आहे. कष्टाचे मोल ते कोणासाठी सोसले, यावर ठरते. ते किती सोसले, यावर नाही. थंडीचे महत्त्व इतकेच की, ती स्वतःकडे ओढणारे मन आणि दुसऱ्याकडे पाहणारे मन यांच्यातील फरक लख्ख करून दाखवते. उबदार दुपारी, मंद वाऱ्यात, तो फरक दिसतच नाही. तेव्हा सर्वच जण सज्जन असतात.

वाचकांपैकी बहुतेकांनी ग्लायडर कधी हाती धरलेले नसेल आणि बर्फाळ वारा तर आपल्या वाट्याला येतच नाही. तरीही 'ब' रेषा आपणांस अनोळखी आहे, असे म्हणता येणार नाही. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी होते, तेव्हा मोजणीच्या टेपचे एक टोक एका भावाच्या हाती असते आणि दुसरे टोक दुसऱ्याच्या. टेप ताणून धरायची की किंचित सैल सोडायची, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. मतमोजणीच्या टेबलावर विरोधी उमेदवाराची मते मोजणारा, शेवटच्या गठ्ठ्यातील उत्तरपत्रिका रात्री उशिरा तपासणारा शिक्षक, ज्या पदासाठी स्वतः उत्सुक होता त्याच पदासाठी सहकाऱ्याविषयी विचारणा झाली असता मत देणारा अधिकारी, ही सारी माणसे काही काळापुरती दुसऱ्याच्या रेषेवर उभी असतात. तेथे खोटे बोलण्याचा मोह फारसा नसतो. थकवा असतो, घाई असते, मनात स्वतःचे काहीतरी सलत असते. आणि चूक झाली तरी ती कोणाच्या लक्षात येत नाही.

आपण मुलांना जिंकायला शिकवतो. हरल्यावर खचू नये, असेही शिकवतो. या दोन्ही धड्यांच्या जोडीला एक तिसरा धडा असावा, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. तुझ्याबरोबर धावणाऱ्याच्या रेषेवर कधीतरी तुला उभे राहावे लागेल. त्या वेळी तुझ्या जिंकण्याहरण्याचा विचार बाजूला ठेव आणि त्याच्याकडे नीट पाहा. हा धडा शब्दांनी शिकवता येतो की नाही, याविषयी आम्ही साशंक आहोत. मोठी माणसे टेपचे टोक कसे धरतात, ते पाहून मुले तो शिकत असावीत.

वेल्सच्या त्या डोंगरावर पाळी संपली की 'ब' रेषेवरचा स्पर्धक हातातले बटण पुढच्याच्या हाती देतो, वाकून वारा कापीत परत येतो, गारठलेल्या बोटांनी आपले विमान उचलतो आणि कड्यापाशी जाऊन उभा राहतो. आता ते १०० मीटर अंतर त्याच्यासमोर असते. पलीकडच्या टोकाला, पावसाच्या पडद्याआड, त्याचा प्रतिस्पर्धी त्याची रेषा राखीत असतो. तो नीट पाहत आहे की नाही, हे त्याला येथून दिसत नाही. भोंगा वाजेल तेव्हा वळायचे, एवढेच त्याच्या हाती असते.